रेशीम कोषापासून फिल्म, समुद्री शेवाळापासून धागा: जैवसुसंगत पदार्थ बनवायला शिकणाऱ्यांसाठी

रेशमाचा टाका शस्त्रक्रियेत फार जुन्या काळापासून वापरला जातो. तरीही तंतूंना चिकटवणारा नैसर्गिक डिंक पूर्ण न काढलेल्या रेशमामुळे रुग्णांना सूज आणि ॲलर्जीसारखा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. पदार्थ नैसर्गिक आहे म्हणून शरीर तो त्रासाविना स्वीकारेलच, म्हणजे तो जैवसुसंगत असेलच, असे नसते. पेशीला मूळ पदार्थासोबत तुम्ही मागे ठेवलेल्या गोष्टीही भेटतात: उरलेला डिंक, न धुतलेले क्षार, आम्ल, जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे. म्हणून या लेखात बनवण्याइतकीच जागा धुण्याला दिली आहे. नवशिक्यांची खेप बहुतेक वेळा धुण्यातच बिघडते.

सुरुवातीला तीन गोष्टी शिकाव्यात: फायब्रॉइनची (रेशमाच्या तंतूतल्या प्रथिनाची) फिल्म, कायटोसानची (कोळंबीच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाची) फिल्म आणि अल्जिनेटचा (समुद्री शेवाळातल्या पदार्थाचा) धागा. फायब्रॉइनचा धागा पुन्हा कातणे मोहक वाटते, पण त्याला घट्ट द्रावण आणि मिथेनॉलची कुंडी लागते. इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये, म्हणजे विजेच्या दाबाने अतिबारीक तंतू ओढण्यात, दहा-वीस हजार व्होल्ट असतात. दोन्ही पुढच्या टप्प्यासाठी ठेवा.

हे काम कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत होते. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, तापणारा मॅग्नेटिक स्टरर, वॉटर बाथ, थर्मामीटर, फ्रीज, पेट्री डिश आणि डायलिसिसची नळी एवढे हवे. सेंट्रिफ्यूज असेल तर उत्तम. आणि पाणी: एका खेपेला १५ लिटर तरी डिस्टिल्ड पाणी लागेल असे धरून चाला. बोअरचे किंवा नळाचे जड पाणी इथे चालत नाही. त्यातले कॅल्शियम सोड्याशी जुळून पांढरा साका रेशमावर बसवते, आणि अल्जिनेट तर अशा पाण्यात विरघळण्याआधीच गाठी धरते.

कोष कोणते घ्यावेत

तुतीवर वाढलेल्या अळीचे पांढरे दुबार (बायव्होल्टाइन जातीचे) कोष घ्या. मराठवाड्यातल्या वाचकांना ते जालन्याच्या कोष बाजारपेठेत मिळतील. पतंग बाहेर पडून भोक पडलेले कोष सूत काढायला निरुपयोगी असल्याने स्वस्त मिळतात. आपण कोष कापणारच आहोत, त्यामुळे ते बिनधास्त घ्या. मात्र आतून डाग पडलेले, बुरशी आलेले किंवा पिवळट कोष बाजूला काढा.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचा टसर, म्हणजे कोसा, या कृतीसाठी घेऊ नका. त्याचे फायब्रॉइन वेगळ्या रचनेचे असते. त्यात पेशींना धरून ठेवणारा आरजीडी हा अमिनो आम्लांचा क्रम असल्याने संशोधकांना त्याचे आकर्षण आहे, पण खाली दिलेल्या कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात तो नीट विरघळत नाही. तासन्‌तास तापवूनही तळाशी तंतू तसेच राहतात.

कात्रीने कोष उभा चिरा, आतला कोषित आणि अळीची कात काढून टाका आणि नखाएवढे तुकडे करा. एका कवचाचे वजन ०.३ ते ०.४ ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे ५ ग्रॅमसाठी साधारण १३ ते १६ कोष लागतात.

डिंक काढणे

रेशमाचा धागा म्हणजे फायब्रॉइनचे दोन तंतू आणि त्यांना चिकटवून ठेवणारा सेरिसिन नावाचा डिंक. वजनाचा पाव ते जवळजवळ तिसरा हिस्सा हा डिंकच असतो आणि तो पूर्ण जायला हवा.

दोन लिटर डिस्टिल्ड पाण्यात ४.२४ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट घाला. हे ०.०२ मोलर द्रावण झाले. किराणा दुकानातला धुण्याचा सोडा घेऊ नका. त्यातले स्फटिकजल बदलते आणि भेसळीचा भरवसा नाही. पाणी खळखळून उकळायला लागल्यावरच ५ ग्रॅम तुकडे टाका आणि घड्याळ लावा: ३० मिनिटे. अधूनमधून काचेच्या कांडीने तुकडे खाली दाबा, नाहीतर वर तरंगणाऱ्या भागात डिंक राहतो. मग रेशीम गरम डिस्टिल्ड पाण्यात बुचकळून काढा आणि त्यानंतर एक-एक लिटर ताज्या पाण्यात २० मिनिटे, असे तीन वेळा ढवळून धुवा. पिळा, बोटांनी पिंजून मोकळे करा आणि झाकून रात्रभर वाळवा.

आता वजन करा. ५ ग्रॅमचे ३.६ ते ३.७५ ग्रॅम व्हायला हवेत. त्याहून बरेच जास्त भरले तर डिंक उरलाय. तंतू हाताला कडक, एकमेकांना चिकटलेले लागतात. अशा वेळी ताज्या सोड्यात पुन्हा दहा मिनिटे उकळा. ३.५ च्या खाली गेले तर फायब्रॉइनही गेले. रेशीम हवेतली ओल धरते, म्हणून आधीचे आणि नंतरचे वजन एकाच हवेत, एकाच दिवसाच्या अंतराने करा. भर पावसाळ्यात कोकणात आणि एप्रिलमध्ये जालन्यात तेच रेशीम वेगळे वजन दाखवेल.

खात्रीसाठी तासभर उकळावे असे वाटते, पण तो मोह टाळा. अल्कलीत फायब्रॉइनच्या साखळ्या तुटत जातात. द्रावण पाण्यासारखे पातळ होते आणि फिल्म वाळताना तडकते. मजबुती हवी असेल तर २० मिनिटे, लवकर विघटित होणारी फिल्म हवी असेल तर ४५. मात्र एकदा ठरवलेली वेळ दर खेपेला तीच ठेवा.

विरघळवणे

प्रयोगशाळांत यासाठी ९.३ मोलर लिथियम ब्रोमाइड वापरतात: ६० अंश सेल्सिअसवर चार तास. काम स्वच्छ होते, पण लिटरला आठशे ग्रॅमहून जास्त महाग क्षार लागतो. शिकायला कॅल्शियम क्लोराइड, इथेनॉल आणि पाण्याचे मिश्रण पुरेसे आहे. मोलच्या हिशेबाने त्यांचे प्रमाण १:२:८.

कोरडे, डिंक काढलेले रेशीम २ ग्रॅम घ्यायचे असेल तर ११.१ ग्रॅम निर्जल कॅल्शियम क्लोराइड, १४.४ मिली पाणी आणि ११.७ मिली शुद्ध इथेनॉल घ्या. बाटलीवर ‘डायहायड्रेट’ लिहिले असेल तर क्षार १४.७ ग्रॅम आणि पाणी फक्त १०.८ मिली, कारण क्षारासोबत पाणी आलेलेच असते. हा फरक न पाहिल्यामुळेच ‘रेशीम विरघळत नाही’ ही तक्रार बहुधा येते.

आधी क्षार पाण्यात थोडाथोडा घाला. मिश्रण चांगलेच तापते. कोमट होऊ द्या आणि मगच इथेनॉल घाला. झाकण असलेल्या फ्लास्कमध्ये रेशीम घालून वॉटर बाथमध्ये ७० ते ७५ अंशांवर ठेवा. इथेनॉलची वाफ पेट घेते, म्हणून बर्नर किंवा उघडी शेगडी जवळ नको. तासाभरात तंतू फुगून पारदर्शक होतात. दोन-तीन तासांत मधासारखे पिवळसर द्रावण मिळते. जोरात ढवळू नका, फ्लास्क फक्त फिरवा. तीन तासांनंतरही तंतू दिसत असतील तर क्षाराचे प्रमाण चुकले किंवा डिंक राहिला, हे समजा. तापमान वाढवून ते सुटत नाही.

कोमट असतानाच नायलॉनच्या बारीक कापडातून गाळा.

डायलिसिस: सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी

डायलिसिस म्हणजे द्रावण सूक्ष्म छिद्रांच्या नळीत भरून पाण्यात ठेवणे: क्षार बाहेर जातो, मोठे फायब्रॉइन आत राहते. ३.५ किलोडाल्टनची (किती मोठे रेणू बाहेर जाऊ शकतात त्याची मर्यादा) नळी उत्तम, १२–१४ किलोडाल्टनची स्वस्त सेल्युलोज नळीही चालते. नळी आधी भिजवून आतबाहेर धुवा. नव्या नळीवर ग्लिसरीन असते. द्रावण भरताना एक तृतीयांश नळी रिकामी ठेवा, पण हवा दाबून काढा. आतला क्षार पाणी ओढतो, नळी फुगते आणि गच्च भरलेली असेल तर गाठीपाशी फुटते.

एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात नळी सोडा, पाणी संथ ढवळत ठेवा. पहिल्या तासाने पाणी बदला, मग चार तासांनी, मग सकाळ-संध्याकाळ. ४८ तासांत किमान सहा वेळा पाणी बदलले पाहिजे. उन्हाळ्यात खोलीचे तापमान ३५ च्या वर जात असेल तर हे फ्रीजमध्येच करा.

क्षार संपला का, हे ओळखायला नळीला पाण्यात दोन तास राहू द्या, बाहेरचे थोडे पाणी परीक्षानळीत घ्या आणि १ टक्का सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दुधाळ साका आला की क्लोराइड अजून येतेय, पाणी बदला. पाणी स्वच्छ राहिले तरच पुढे जा. कंडक्टिव्हिटी मीटर असेल तर ताज्या डिस्टिल्ड पाण्याच्या आकड्याशी ताडून पाहा. (सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग हातावरून कित्येक दिवस जात नाहीत. मोजे घाला.)

नळीतले द्रावण ४ अंशांवर, मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर २० मिनिटे, दोनदा सेंट्रिफ्यूज करा. कॉलेजचे यंत्र ४,००० फेऱ्यांपर्यंतच जात असेल तर ४० मिनिटे द्या. थोडा धुरकटपणा राहील, पण तो शिकण्यापुरता चालतो. वरचे निवळ द्रावण अलगद काढून घ्या.

घट्टपणा अंदाजाने लिहू नका. वजन केलेल्या छोट्या बशीत १ मिली द्रावण ६० अंशांवर पूर्ण वाळवा. उरलेले ०.०४ ग्रॅम भरले तर द्रावण ४ टक्के. या पद्धतीत बहुधा ३ ते ४ टक्केच मिळते. फिल्मसाठी ते पुरते.

द्रावण ४ अंशांवर झाकून ठेवा आणि काही आठवड्यांत संपवा. यापुढे ते हलवायचे नाही. आम्ल, उष्णता आणि हेलकावे या तिन्ही गोष्टी फायब्रॉइनच्या साखळ्यांना एकमेकींजवळ आणून बीटा-शीट नावाचे घट्ट थर बनवायला लावतात. एकदा जेल झाले की परत द्रावण होत नाही. जोरात पिपेट करणे, बाटली हलवून मिसळणे, पीएच ४ च्या आसपास नेणे, यांतले काहीही पुरेसे आहे. टिकावे म्हणून सोडियम अझाइड घालण्याचा सल्ला कुठे दिसला तर पाळू नका. ते जिवाणूंसोबत तुमच्या पेशीही मारते.

फायब्रॉइनची फिल्म

आधी जाडीचा हिशेब. ९ सेंमी पेट्री डिशचे क्षेत्रफळ ६३.६ चौरस सेंमी. ५० मायक्रॉन जाडी हवी तर ०.३२ घन सेंमी कोरडे फायब्रॉइन लागेल. घनता १.३५ धरली तर ०.४३ ग्रॅम. ४ टक्के द्रावणात ते सुमारे ११ मिलीमध्ये मिळते.

डिशच्या तळाशी सिलिकोनचा पातळ थर असेल तर फिल्म अलगद सुटते. नुसत्या पॉलिस्टायरीनला ती चिकटते आणि ओढताना फाटते. डिश पाणसळीने अगदी आडवी करा. द्रावण भिंतीला टेकवून ओता, बुडबुडे सुईने फोडा. कागदाने सैल झाका, धूळ नको पण वाफ जायला हवी. पंख्याखाली किंवा ओव्हनमध्ये घाईने वाळवलेली फिल्म कडेपासून तडकते आणि पाण्यात टाकताच विरघळते. खोलीच्या तापमानाला एक-दोन दिवस लागू द्या. दमट हवेत तीन लागतील, आणि तशी फिल्म बऱ्याचदा अधिक चांगली निघते, कारण सावकाश वाळताना साखळ्यांना नीट रचून घ्यायला वेळ मिळतो.

वाळलेली फिल्म अजून पाण्यात टिकणार नाही. तिला पक्के करण्याचे दोन मार्ग आहेत. ८० टक्के इथेनॉल किंवा मिथेनॉलमध्ये तासभर बुडवणे हा जलद मार्ग. फिल्म पक्की होते, पण कडक आणि ठिसूळ. मिथेनॉल विषारी आहे, फ्यूम हूडमध्येच (वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटात) वापरा. नवशिक्यांनी इथेनॉलवरच भागवावे. दुसरा मार्ग पाण्याच्या वाफेचा: डेसिकेटरच्या तळाशी सुकवणाऱ्या खड्यांऐवजी पाणी ठेवा, वर जाळीवर फिल्म ठेवा, पंपाने हवा काढा आणि रात्रभर राहू द्या. फिल्म लवचीक राहते आणि द्रावक उरण्याची चिंता नसते. शक्य असेल तिथे हाच मार्ग घ्या.

वळणारी फिल्म हवी असेल तर ओतण्याआधी फायब्रॉइनच्या वजनाच्या ३० ते ४० टक्के ग्लिसरीन घाला आणि अगदी हळू मिसळा. या प्रमाणात ग्लिसरीन साखळ्यांची रचनाही बदलते, त्यामुळे वेगळी प्रक्रिया न करताही फिल्म बरीचशी अविद्राव्य होते. पाण्यात ठेवली की ग्लिसरीन निघून जाते आणि पुन्हा वाळवल्यावर तीच फिल्म कडक होते. त्यात बिघाड काही नाही.

कायटोसानची फिल्म

ही सोपी आहे. कोळंबीच्या कवचातल्या कायटिनपासून कायटोसान मिळते. डीॲसिटिलेशन (कायटिनमधले ॲसिटिल गट किती काढले ते) ७५ ते ८५ टक्के लिहिलेले घ्या. ९९ मिली पाण्यात १ मिली ॲसेटिक आम्ल, त्यात २ ग्रॅम कायटोसान, रात्रभर ढवळा. न विरघळलेले कण कापडातून गाळा. ०.५ ग्रॅम ग्लिसरीन घाला, बुडबुडे जाईपर्यंत थांबा आणि ९ सेंमी डिशमध्ये २० ग्रॅम ओतून ४० अंशांवर वाळवा.

इथपर्यंत सगळे करतात आणि इथेच थांबतात. ही फिल्म अजून कायटोसान ॲसिटेट आहे. व्हिनेगरचा वास येतो, पाण्यात ती फुगून फाटते आणि तिचे आम्ल पेशींना मारते. मग ‘कायटोसान विषारी निघाले’ असा चुकीचा निष्कर्ष वहीत जातो. ४ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ३० मिनिटे ठेवा (चष्मा आणि मोजे घालूनच) आणि धुण्याच्या पाण्याचा पीएच ताज्या पाण्याइतका होईपर्यंत धूत राहा. ओली फिल्म चौकटीत ताणून वाळवा, नाहीतर ती गुंडाळली जाते. कवचाच्या माशांची ॲलर्जी असलेल्यांनी भुकटी हाताळताना मास्क लावावा.

अल्जिनेटचा धागा

तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळणारे सोडियम अल्जिनेट कॅल्शियम भेटताच जेल होते. त्यामुळे उष्णता किंवा तीव्र द्रावक न वापरता धागा निघतो.

१०० मिली डिस्टिल्ड पाणी जोरात फिरत असताना २ ग्रॅम अल्जिनेट चिमटीने भुरभुरा. एकदम ओतले तर बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गाठी होतात आणि त्या दिवसभर सुटत नाहीत. तीन तास ढवळा आणि बुडबुडे जायला रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. बुडबुडा सुईतून गेला की धागा तिथेच तुटतो. एका पसरट ट्रेमध्ये कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेटचे ३ टक्के द्रावण तयार ठेवा. हीच धाग्याची कुंडी.

५ मिली सिरिंजला २२ गेजची बोथट सुई लावा आणि तिचे टोक कुंडीत बुडवा. टोक वर राहिले तर धाग्याऐवजी मणी पडतात. दाब एकसारखा हवा. सिरिंज पंप असेल तर मिनिटाला ०.२ मिली ठेवा. या सुईतून तेव्हा मिनिटाला साधारण दीड मीटर धागा निघतो. चिमट्याने टोक धरून त्याच वेगाने किंवा किंचित जास्त वेगाने ओढा. जास्त ओढले तर तुटतो, मागे राहिलात तर वेटोळी होतात. थांबायचे असेल तेव्हा आधी सुई बाहेर काढा, मग दाब सोडा. उलट केले तर कॅल्शियम सुईत शिरते आणि ती कायमची बंद होते.

धागा कुंडीत दहा मिनिटे राहू द्या. त्याआधी गुंडाळला तर फेरे एकमेकांना चिकटतात. दोनदा पाण्यात धुवा, मग ५०, ७० आणि ९५ टक्के इथेनॉलमध्ये पाच-पाच मिनिटे ठेवा आणि दोन्ही टोके चिमट्यांनी बांधून ताणलेल्या अवस्थेत वाळवा.

मिठाच्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) हा धागा मऊ पडतो, कारण सोडियम कॅल्शियमची जागा घेते आणि फॉस्फेट कॅल्शियमला ओढून नेते. जखमेवरच्या अल्जिनेट पट्ट्या याच अदलाबदलीने जेल होतात. प्रयोगात मात्र धागा फॉस्फेट बफरमध्ये ठेवून ‘तीन दिवसांत नाहीसा झाला’ म्हणण्याआधी हे लक्षात घ्या. जास्त टिकाव हवा असेल तर ओला धागा अर्धा टक्का कायटोसानच्या द्रावणातून फिरवा. विरुद्ध भाराचे दोन पॉलिमर एकमेकांना धरतात आणि वर पातळ साल तयार होते.

जैवसुसंगत म्हणण्याआधी

पहिली चाचणी घरगुती म्हणावी इतकी साधी आहे: वजन केलेला तुकडा ३७ अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवा, वाळवा, पुन्हा वजन करा. पक्क्या केलेल्या साध्या फायब्रॉइन फिल्मचे वजन पाच टक्क्यांहून जास्त घटले तर प्रक्रिया अपुरी आहे. (ग्लिसरीनवाल्या फिल्ममध्ये ग्लिसरीनचा वाटा आधी वजा करा.) एफटीआयआर (अवरक्त किरणांनी रचना तपासणारे यंत्र) मिळाले तर १६२० ते १६३० सेंमी⁻¹ दरम्यानचे शिखर बीटा-शीटचे, १६४० ते १६५० दरम्यानचे मोकळ्या साखळ्यांचे.

निर्जंतुकीकरणासाठी पक्की फायब्रॉइन फिल्म १२१ अंशांवर २० मिनिटे ऑटोक्लेव्ह सोसते. अल्जिनेट आणि कायटोसानच्या साखळ्या त्या उष्णतेत तुटतात. त्यांना ७० टक्के इथेनॉल बरे. पण निर्जंतुक म्हणजे एंडोटॉक्सिनमुक्त नव्हे. मेलेल्या जिवाणूंच्या भिंतीचे हे तुकडे ऑटोक्लेव्हने जात नाहीत. काचेची भांडी २५० अंशांवर ३० मिनिटे कोरडी भाजावी लागतात, आणि शिळे डिस्टिल्ड पाणी हा त्यांचा मुख्य स्रोत असतो. आठवडाभर कॅनमध्ये पडलेले पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नका.

पेशींवरची चाचणी आयएसओ १०९९३-५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे होते. अर्धा मिमीहून पातळ फिल्मसाठी दर मिली माध्यमाला (पेशी ज्यात वाढवतात त्या द्रवाला) ६ चौरस सेंमी पृष्ठभाग, दोन्ही बाजू धरून. म्हणजे ३ बाय ४ सेंमी तुकड्याला ४ मिली. ३७ अंशांवर २४ तास ठेवून तो अर्क पेशींना द्यायचा. जिवंत पेशींचे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेले तर पदार्थ पेशींना घातक मानतात. सोबत रिकाम्या माध्यमाचा आणि मुद्दाम विषारी पदार्थाचा असे दोन नमुने चालवा. त्यांच्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. निकाल वाईट आला तर कृती बदलण्याआधी त्याच खेपेचा तुकडा आणखी दोन दिवस ताज्या पाण्यात धुऊन पुन्हा अर्क काढा. निकाल सुधारला तर दोष धुण्याचा होता.

ही चाचणी उत्तीर्ण झालेली फिल्मही स्वतःच्या किंवा कुणाच्या जखमेवर लावू नका. ॲलर्जी, चिडचिड, एंडोटॉक्सिन आणि रोपणाच्या चाचण्या अजून बाकी असतात, आणि भारतात जखमेवरची पट्टी वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली येते. कोषांची खेप, उकळण्याची मिनिटे, धुण्याची संख्या आणि घट्टपणा डिशच्या झाकणावरच लिहून ठेवा. फिल्म कोरड्या, बंद पाकिटात ठेवा आणि पेशींवर वापरण्याच्या दिवशीच पाकीट उघडा.